पोस्टमनचं स्वगत

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. सकाळी मी नवऱ्याच्या खादीच्या कुर्त्याला इस्त्री करत होते. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेला कुर्ता, घड्या काही केल्या मोडत नव्हत्या. पाणी शिंपडत होते, दाबत होते. आत मोरीत तो आंघोळ करता करता मोठ्याने स्वगत म्हणत होता. महिनाभर हेच चाललं होतं.

दुपारी त्याच्या विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. नवरा तिथे अभिनय शिकला तेव्हा ते विद्यापीठ नव्हतं, सांगवीत हार्डवेअरच्या दुकानावरचे दोन मजले होते. आता आळंदी रस्त्याला मोठा परिसर झालाय, आणि नव्या नाट्यगृहाचं उद्घाटनही त्याच दिवशी होतं. दरम्यान नवऱ्याची वीसेक वर्षं चाकणच्या एका कंपनीत, पेंट शॉपला गेली.

कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती आणि सोमवार हा सही करायचा शेवटचा दिवस होता. त्याचा एक जुना वर्गमित्र आता विद्यापीठात अभिनयाचा विभागप्रमुख आहे. त्याने फोनवर सांगितलं होतं, "मेळाव्याला कुलगुरूंसमोर पाच मिनिटं काहीतरी करून दाखव, भावा. शिकवायला घेतो तुला." एवढ्यावर माझा नवरा नोकरी सोडायला निघाला होता. दिघीतल्या फ्लॅटचे हप्ते चालू, मुलगी इंजिनिअरिंगला. मी भोसरीत एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते, त्या पगारात किराणा आणि लाइटबिल निघतं. हे सगळं मी त्याला नीट बसवून सांगितलं होतं.

"आजचं चांगलं झालं की उद्या सही," तो म्हणाला आणि कुर्त्यात डोकं घातलं.

स्वगत त्याच्या शेवटच्या वर्षातल्या एकांकिकेतलं होतं. धरणात बुडालेल्या गावचा पोस्टमन पत्र वाटायला येतो आणि पाण्याकडे बघत बोलतो. कागद स्वयंपाकघराच्या खिडकीला चिमट्याने लावलेले होते. मी पोळ्या लाटायची, तो ओट्यापाशी उभा राहून म्हणायचा. "पत्र आहे, दार आहे, पायरी आहे..." इथे तो दर वेळी अडायचा. पुढचं वाक्य होतं, "कुणीतरी मला माझं नाव विचारा." मी लाटणं न थांबवता नुसतं "कुणीतरी" म्हणायची, की गाडी पुढे धडाधड. एका शब्दाचं काम होतं.

आम्ही स्कूटरवरून गेलो. कमानीपासून रांगोळ्या, पोरी कथकच्या पोशाखात चुण्या सावरत पळत होत्या. भिंतभर काचेचे नृत्यकक्ष, रेकॉर्डिंगची खोली, सगळं नवं कोरं. नवरा प्रत्येक दारात थांबून हात लावून बघत होता. चहाच्या टेबलापाशी विभागप्रमुख भेटले. नवऱ्याच्या पोटावर थाप मारून म्हणाले, "काय राव, कंपनीचं कँटीन मानवलंय!"

मी सरळ विचारलं, "भाऊजी, जागा पक्की आहे ना?"

"वहिनी, नाटकवाल्याला पक्कं काय विचारता! आधी तासिकेवर घेऊ. पुढच्या वर्षी बघू, कुलगुरू काय म्हणतात."

"आठवड्याला किती तासिका?"

"मिळतील की दोन-तीन."

नवरा शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. चहा ढवळत म्हणाला, "सुरुवात अशीच होते." त्या क्षणी माझा हिशोब झाला होता.

नाट्यगृहात आम्हाला तिसरी रांग मिळाली. कुलगुरू बोलले, माजी विद्यार्थी ही आमची खरी संपत्ती. मग पडद्यावर संस्थेच्या प्रगतीची फिल्म दाखवली. त्यात सांगवीच्या दिवसांचा एक फोटो होता, त्याच एकांकिकेचा. मधोमध विभागप्रमुख, हातात कंदील घेऊन. कडेला एक कान आणि अर्धा खांदा. तो कान माझ्या नवऱ्याचा. मुख्य भूमिका त्याची होती, पण फोटो कापताना बाकीचा भाग गेला. तो माझ्या कानात म्हणाला, "तो मी." मी म्हटलं, "दिसलं."

मालिकांमधल्या एका नटाचा सत्कार झाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. विद्यार्थ्यांचे नाच झाले, आणि ते खरंच चांगले नाचले. पाच मिनिटांचं काही नाव निघालं नाही. मग "जुन्या आठवणी" म्हणून विभागप्रमुखांनी माइक घेतला आणि फिशपाँड सुरू केले. ज्याच्यावर ओळी वाचतील त्याने स्टेजवर जायचं, कागदी टोपी घालून घ्यायची आणि काहीतरी करून दाखवायचं. तिसराच फिशपाँड आमचा.

"हिरो व्हायला निघाले राव, झाले कंपनीचे जावई,
घरी एकच प्रेक्षक उरली, तिलाही आता घाई!"

सगळं नाट्यगृह हसलं. पुढच्या रांगेतल्या बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या. नवरा उठला, आणि मला वाटतं त्याला आनंदच झाला होता. टोपी घालून त्याने माइक बाजूला सारला आणि पोस्टमन सुरू केला.

खोटं कशाला लिहू, तो चांगला होता. हसणारी पोरं गप्प झाली. कुलगुरू खुर्चीत पुढे सरकले. मी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसले, कारण हे असंच शेवटपर्यंत गेलं तर उद्या सही होणार होती.

"पत्र आहे, दार आहे, पायरी आहे..."

तो थांबला. आधी लोकांना ते अभिनयातलंच वाटलं. मग त्याने तिसऱ्या रांगेकडे बघितलं, थेट माझ्याकडे. मला नुसते ओठ हलवायचे होते. शब्द जिभेवर होता. मी पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सावकाश पाणी प्यायले.

"पायरी आहे..." तो पुन्हा म्हणाला.

मागून कुणीतरी शिट्टी मारली. विभागप्रमुख माइकवर ओरडले, "भावा, शिफ्ट संपली, कार्ड पंच कर!" मग मात्र जो हशा उसळला तो बराच वेळ थांबेना. कुलगुरूही रुमाल तोंडाशी धरून हसत होते. नवऱ्याने कमरेत वाकून नमस्कार केला. टोपी तशीच डोक्यावर ठेवून तो खाली येऊन बसला आणि पुढच्या माणसाच्या फिशपाँडला टाळ्या वाजवू लागला.

विभागप्रमुख आम्हाला निरोप द्यायला आले नाहीत. उन्हं उतरली तसे आम्ही निघालो. सिग्नलला त्याने मान न वळवता विचारलं, "तुला आठवत होतं?"

"हो."

सिग्नल सुटला. दिघीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो म्हणाला, "उद्या पहिली शिफ्ट आहे. डब्यात भात देऊ नकोस."

सोमवारी पहाटे उठून मी पोळ्या आणि गवारीची भाजी केली. तो डबा घेऊन कंपनीच्या बसला गेला. मी कुर्ता भिजत घातला. त्याआधी खिशातून चुरगळलेली टोपी काढली, खिडकीचे कागद चिमट्यासकट उतरवले, चिमटा ठेवून घेतला. घंटागाडी आल्यावर टोपी आणि कागद सुक्या कचऱ्यात दिले. ते आता कुणाला लागणार नव्हते, आणि मला तर पाठच होते.