हिरव्या दारासमोरचा फोटो

तो यायचा तेव्हा आधी शिट्टी ऐकू यायची. मग फाटकावर तीनदा काठी वाजायची आणि मग आवाज, "वारंट हाय तुमच्या नावानं. भाईर या. गुन्हा लई मोठा हाय, मागच्या साली निस्त्या चहावर वाटंला लावलं आमाला."

खाकी गणवेश, छातीवर बिल्ले म्हणून सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, कमरेला लाकडी पिस्तूल, आणि मिशी अशी की खऱ्या फौजदारानं हेवा करावा. तो बहुरूपी होता. सुगी आटोपली की औशाकडून निघायचा आणि गावं करत करत नांदेडला आमच्या कॉलनीत पोचायचा. गंमत अशी की आमच्या दारात तो ज्यांना अटक करायचा, ते माझे वडील खरेच पोलीस होते. लुंगी-बनियनवर बाहेर येऊन पप्पा टाचा जुळवायचे आणि त्याला कडक सॅल्यूट ठोकायचे. तोही ठोकायचा. कोण आधी हात खाली घेतो यावर दोघांची पैज असायची. शेवटी मम्मीच म्हणायची, की चहा गार होतोय, दोन्ही साहेबांनी आत यावं.

पप्पा गोपनीय शाखेत होते. कुठल्या गावात काय शिजतंय, कुठल्या मिरवणुकीत कुठल्या वळणावर दगड पडू शकतो, हे आधी कळून घेऊन वर कळवायचं, हे त्यांचं काम. त्यांना गणवेशात मी मोजक्या वेळा पाहिलं. माझ्या शाळेत, ती इंग्लिश मीडियमची होती, टीचरने वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा मी 'ऑफिसमध्ये क्लार्क' असं लिहिलं होतं, कारण घरातून तसंच सांगून पाठवलं होतं. आमच्याकडे कोण आलं, कोण गेलं, हे बाहेर बोलायचं नाही. मी मुळात लाजाळू, त्यात हे शिक्षण. कमी बोलायचं आणि पाहत राहायचं, हे मला दोन्हीकडून मिळालं.

स्वयंपाकघराच्या पडद्याआडून मी त्या दोघांना पाहत असे. बहुरूपी टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि मग त्याचा आवाज बदलायचा, साधा व्हायचा. तो गावोगावच्या गोष्टी सांगायचा. अमुक ठिकाणी विहिरीच्या रस्त्यावरून भावकीत बोलणं बंद आहे. तमुक गावात पोरं संध्याकाळी पारावर बसायची, ती आता दोन वेगळ्या ठिकाणी बसतात. माणसांची नावं तो फारशी घ्यायचा नाही. "पानी तापून राहिलंय तिथं," एवढंच. पप्पा काही लिहून घेत नसत. दोन-तीन दिवसांनी ते त्या गावी जात, न्हाव्याच्या दुकानात बसत, कुणाच्या तरी ओसरीवर पाणी पीत, आणि स्वतः पाहिल्याशिवाय वर एक ओळसुद्धा कळवत नसत. त्यांचे दोन नियम होते. माणूस पाहून मग लिहायचं. आणि खबर कुठून आली ते कुणालाच सांगायचं नाही, साहेबालाही नाही, बायकोलाही नाही. बिलोलीला होते तेव्हा एका जत्रेआधी ते दोन दिवस एका गावात नुसते गप्पा मारत बसले होते, आणि ती जत्रा अशी शांत पार पडली, की काही होणार होतं हे कुणाला कळलंच नाही. त्यांच्या कामाचं यश असंच, न दिसणारं.

रिटायर व्हायच्या आधीच्या काही वर्षांत त्यांचं काम बदलत गेलं. शाखेत नवी मुलं आली होती, हुशार, स्क्रीनवर शंभर ग्रुप पाहणारी. पप्पांचा त्यांच्यावर राग नव्हता. त्यांच्याकडून ते फोन वापरायला शिकत होते, चष्मा कपाळावर ढकलून. एकदा मला म्हणाले, "आधी माणूस यायचा आन् मग खबर. त्याचं तोंड बघून कळायचं, किती खरं, किती पदरचं. आता खबर आधी येती माय, आन् मागं माणूसच नसतोय." तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून मी नुकतीच लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायला लागले होते. फोन मला माणसांपेक्षा सोपा वाटायचा.

रिटायरमेंटनंतरच्या पहिल्या थंडीत मी सुट्टीला नांदेडला आले होते. शिट्टी वाजली. पप्पा बाहेर गेले आणि आमच्या हिरव्या दारासमोर दोघांचा सॅल्यूट सुरू झाला. कोवळं ऊन होतं. एकाच्या अंगावर सगळा पोलीस, दुसऱ्याच्या अंगावर लुंगी. मी फोटो काढला. बहुरूप्याने तो पाहिला, मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "ताई, साहेबापेक्षा मीच साहेब दिसून राहिलो." मी आयुष्यात स्टेटसवर फारसं काही टाकत नाही. तो टाकला. वर इंग्रजीत लिहिलं, की यातला लुंगीवाला खरा पोलीस आणि खाली बहुरूप्याकडे बाण काढून 'फेक पोलीस'. मैत्रिणींनी हसरे चेहरे पाठवले. दुसऱ्या दिवशी स्टेटस गेलं आणि मी विसरले.

तीन-चार आठवड्यांनी, एका दुपारी, क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर तो परत आला. मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. फोटोतून पप्पा कापलेले होते. उरला होता तो, त्याच्या मागचं दार, आणि माझीच अक्षरं, 'फेक पोलीस'. खाली मराठीत कुणी तरी लांबलचक लिहिलं होतं, की पोलिसांच्या वेशात मुलं पळवणारी टोळी लातूर जिल्ह्यात उतरली आहे, सावध राहा, पुढे पाठवा. डाव्या कडेला एक कोपर राहिलं होतं, वर उचललेलं. ते माझ्या वडिलांचं होतं.

ग्रुपवर एकेक पालक हात जोडत होते, कुणी विचारत होतं की आज क्लास लवकर सोडणार का. मी लिहिलं, 'हे खोटं आहे, हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, फोटो मी काढलाय.' लिहिलं आणि पाहत बसले. चारशे पालक. मी तिथे नवी. उद्या कुणी विचारलं असतं, की मॅडम, तुमची ओळख कशी? तुमचे वडील कोण? मी ते पुसलं. पप्पांना फोन लावावा असं वाटलं, पण मग स्टेटसचं सांगावं लागलं असतं. घरातलं बाहेर टाकायचं नाही, हा एकच नियम मला लहानपणापासून होता. क्लास संपल्यावर करू, असं मी स्वतःला सांगितलं. बोर्डावर मी दोन तास इंटिग्रेशन शिकवलं. मुलांना आजही ते चांगलं आठवत असेल, मी कुठे चुकले नाही.

फोन पप्पांचाच आला. मी हाताचा खडू धुवत होते.

"माय, तू लातुरातच हायस ना? आपल्या बहुरूप्याला लोकांनी मारलंय, औशाच्या पुढं, बाजारात. दवाखान्यात आणलाय. मी निघालो. तवर जाऊन बस त्याच्यापाशी."

त्या गावी आठवडी बाजार होता. तो दरवर्षी जायचा तिथे, म्हणून निर्धास्त गेला. शिट्टी वाजवली, वारंट काढलं. दरवर्षी हसणाऱ्या लोकांच्या हातात त्या दिवशी फोन होते आणि फोनमध्ये तोच होता. त्याने हसून सांगितलं असणार की मी सोंग घेतलंय, आणि ते तर त्यांनी आधीच वाचलं होतं. पिठाच्या गिरणीवाल्या बाईने त्याला ओढून आत घेतलं आणि शटर पाडलं, म्हणून जीव वाचला. बाईने त्याला तिच्या लहानपणापासून पाहिलेलं होतं. बाजारात तेवढी एकच निघाली.

दवाखान्यात त्याची बायको फरशीवर बसली होती. मांडीवर एक पिशवी, तीत खाकी सदरा, रक्ताने कडक झालेला, बाटलीची दोन झाकणं अजून तशीच शिवलेली. कॉटवर तो होता. मिशी नव्हती. ती चिकटवलेली असायची हे मला माहीत होतं, पण तिच्याशिवाय तो मला कधी दिसलाच नव्हता. लहान चेहऱ्याचा एक थकलेला माणूस. उजवा हात खांद्यापासून बांधलेला.

"तुमी कोन?" तिने विचारलं.

साहेबांची मुलगी, असं मी सांगितलं. तिने माझा हात धरला आणि सोडला नाही. माझ्या दंडाला तोंड लावून ती रडली. पप्पा नांदेडहून पोचेपर्यंत मी तशीच बसून होते, आणि सांगायचं ते वाक्य माझ्या तोंडात सुपारीसारखं एका गालातून दुसऱ्या गालात फिरत होतं.

पप्पांसोबत तपासावरचा एक तरुण अधिकारी आला. त्याने पप्पांना फार आदराने फोनवर तो फोटो दाखवला. म्हणाला, सर, हा मुळात कुणी टाकला ते सापडत नाही, इतक्या फोनमधून फिरून आलाय. मागचं दार कुणाचं आहे ते कळलं तर काही धागा मिळेल. तुम्हाला दोन्ही जिल्ह्यांतलं घर न् घर माहीत आहे, म्हणून विचारतो.

पप्पांनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. कोपरापाशी थांबले. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते.

"न्हाई बा," पप्पा म्हणाले. "न्हाई ओळखू येत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तीस वर्षं ज्यांनी न पाहिलेलं लिहिलं नाही, त्यांनी पाहिलेलं नाकारलं. पुढच्या रविवारी मी घरी गेले तेव्हा दार तपकिरी होतं. पप्पांनी स्वतः रंगवलं होतं, घाईघाईत, बिजागऱ्यांपाशी हिरवा रंग राहून गेला होता. मम्मी म्हणाली, काय खूळ घेतलं डोक्यात, न्हाई सण न्हाई वार. पप्पा वर्तमानपत्र वाचत राहिले. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. चूक नाकारता आली असती तर बरं, असं मला वाटायचं; पण त्यांनी ती माझ्याऐवजी नाकारली, आणि मग माझ्याकडे नाकारायलाही काही उरलं नाही. ते मला आधी 'माय' म्हणायचे. आता कामापुरतं नावाने हाक मारतात.

यंदा सुगी झाली, थंडी आली, शिट्टी वाजली नाही. जानेवारीत एका सकाळी फाटक नुसतंच कुरकुरलं. बाहेर तो उभा होता, पांढरा पायजमा, स्वेटर, हातात काठी, टेकायची. सोंग बंद केलं, म्हणाला. पोरगा कंपनीत जातो, आपण बांबूच्या डाल्या विकतो. पण गावात शिरायचं तर आधी ठाण्यात नोंद करा असं सांगतात, ओळखीचा कागद दाखवा म्हणतात, त्यावर फोटो लागतो. त्याच्याकडे बिनमिशीचा एकही फोटो नव्हता. स्टुडिओत जायला कसंतरी वाटतं, लोक बघतात.

"तुमीच काडा ताई," तो म्हणाला.

पप्पा अंघोळीला गेले होते. मी त्याला दारासमोर उभं केलं. त्याने मागे वळून दाराला हात लावला.

"रंगवलं व्हय?"

मग मी बोलले. वर्षभर फिरवलेलं ते वाक्य, अगदी छोटं होतं. "काका, तो फोटो माझा होता."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "दवाखान्यात दावला तवाच वळखलं. ह्ये दार आन् साहेबाचं कोपर."

अधिकाऱ्याने त्यालाही विचारलं होतं. त्यानेही सांगितलं नव्हतं. का, असं मी विचारलं असावं, किंवा नुसती उभी राहिले असेन.

"खबर कुठून आली ते सांगायचं नसतं. साहेबाचंच शिक्षन." तो हसला नाही. "काडा."

कित्येक रूपं घेतलेला तो माणूस कॅमेऱ्यापुढे स्वतः म्हणून उभा राहू शकेना. मान कुठे ठेवू, डोळे कुठे लावू, विचारत राहिला. चौथ्या वेळी फोटो जमला. मी त्याला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला, जणू कुणाचा आहे ते आठवतोय.

"ह्यो कुटं टाकू नका, ताई," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात पप्पा बाहेर आले, लुंगी, बनियन, ओले केस. त्याला पाहताच त्यांच्या टाचा आपोआप जुळल्या आणि हात कपाळापाशी गेला. त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. त्याने काठी तपकिरी दाराला टेकवून ठेवली आणि छातीशी दोन्ही हात जोडले, पोलिसासमोर लोक जोडतात तसे.

पप्पांनी हात खाली घेतला. पैजेत पहिल्यांदाच ते आधी.