मिस्त्री जिन्याने का जातात

लिफ्टच्या मिस्त्रींच्या घरी वजनकाटा नव्हता आणि तो येऊ नये याची काळजी ते स्वतः घेत. पण आठ मजल्यांच्या ज्या इमारतीची लिफ्ट त्यांच्याकडे होती, तिच्या आतल्या पॅनेलवर एक छोटी झडप होती. किल्लीने ती उघडली की लिफ्टमध्ये किती भार आहे ते किलोत दिसे. दर सोमवारी माणसांची ये-जा सुरू व्हायच्या आत मिस्त्री एकटेच लिफ्टमध्ये शिरत, झडप उघडत, आकडा बघत आणि कुणी पाहिलं तर नाही ना, अशा घाईने ती पुन्हा लावून टाकत. त्या सोमवारी आकडा होता एकशे सात.

एरवी त्यांनी तो विसरायचा प्रयत्न केला असता. विसरणं त्यांना चांगलं जमत असे. पण त्याच आठवड्यात त्यांच्या कंपनीने नवीन सेफ्टी बेल्ट आणले. लिफ्टच्या विहिरीत, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिथे, उतरणाऱ्याने तो बेल्ट बांधायचाच, आणि बेल्ट पेलणार शंभर किलो. चार महिन्यांनी सगळ्यांची डॉक्टरी तपासणी होती. जो शंभरच्या वर भरेल त्याचं विहिरीतलं काम बंद, त्याने ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसायचं.

बाकीच्यांना ही शिक्षा वाटली नसती. पंखा डोक्यावर, खुर्ची बुडाखाली. मिस्त्रींना मात्र वाटली. सव्वीस वर्षं त्यांनी तारा, चाकं आणि ब्रेक यांच्याशी संसार केला होता. लिफ्टच्या टपावर उभं राहून, अंधारात बॅटरी तोंडात धरून, नुसत्या आवाजावरून ते सांगत की तिसऱ्या मजल्यावरचं दार घासतंय. पण समोर माणूस आला की त्यांची जीभ टाळूला चिकटे. अडकलेल्या लोकांना फोनवर धीर द्यायचा, म्हणजे लिफ्टमध्ये एक अडकलेला आणि फोनवर दुसरा!

म्हणून त्यांनी एका संध्याकाळी बायकोजवळ विषय काढला. बायको घरीच कपडे दुरुस्त करून देई. शिलाई मशीनचं चाक फिरवता फिरवता तिने ऐकून घेतलं.

"जरा चालायला हवं असं वाटतंय मला," मिस्त्री म्हणाले.

"मग चाला की."

"रस्त्यावर?"

"नाही, भिंतीवर! अहो, माणसं रस्त्यावरच चालतात."

"सगळे बघतात गं. धाप लागते."

"मग काय, पडदे लावून चालणार?"

"तेच म्हणतोय. ती चालायची मशीन असते ना, घरात ठेवायची. घडी घालता येते. कपाट आणि तुझी मशीन यांच्या मधे अडीच फूट जागा आहे. मी मोजलीय."

बायकोने चाक थांबवलं. नवऱ्याने आपणहून काही मागितल्याला बरीच वर्षं झाली होती. "स्वस्तातली बघू," ती म्हणाली.

रविवारी दोघं दुकानात गेले. विकणारी मुलगी चुणचुणीत होती. तिने एक सडपातळ काळी ट्रेडमिल दाखवली. "काका, ही बघा. एका हाताने घडी होते, खाली चाकं आहेत, पलंगाखाली ढकलली तरी जाते. पडद्यावर ठोके दिसतात, गाणी वाजतात."

मिस्त्रींना गाण्यांशी कर्तव्य नव्हतं. ते सरळ गुडघ्यावर बसले, पट्ट्याला अंगठा लावून ताण बघितला, रोलर फिरवून कान लावला. "मोटरची ताकद लिहिलीय ती सततची की क्षणभराची?"

मुलगी गोंधळली. "म्हणजे... ताकदच आहे काका."

"क्षणभराची लिहितात. सततची निम्मी असते," मिस्त्री पुटपुटले. मग वाकून मागच्या बाजूचं स्टिकर वाचलं आणि तिथेच थबकले. वापरणाऱ्याचं कमाल वजन, शंभर किलो.

"आवडली?" बायकोने विचारलं.

"पट्टा अरुंद आहे."

मुलीने दुसरी दाखवली. पट्टा रुंद, आवाज कमी, घडी घातली की कपाटाशेजारी उभी राहील अशी. मिस्त्री पुन्हा खाली बसले, पुन्हा मागे गेले. तिथेही शंभर. तिसरी एकशे तीस किलो पेलणारी होती, पण तिची घडी होत नव्हती आणि किंमत ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात माणूस चालत चालत परदेशात जाऊन येईल."

"काका, तुमचं वजन किती?" मुलीने सहज विचारलं.

बायकोने मान वळवली. मिस्त्रींनी छताकडे बघितलं. "नव्वदच्या... पुढे."

"मग झालं तर! आणि दोन-चार किलो जास्त असलं तरी काय होतं? ते नुसतं लिहिलेलं असतं."

हे वाक्य मिस्त्रींना तोंडात मारल्यासारखं लागलं. लिफ्टमधली पाटी नुसती लिहिलेली असते, असं समजणाऱ्या माणसांशी भांडण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. भांडण म्हणजे, ते काही बोलत नसत. जास्तीचा माणूस उतरेपर्यंत दारात पाय रोवून उभे राहत. एकदा त्यांनी असं स्वतःच्या साहेबांना उतरवलं होतं. आणि आता त्याच मिस्त्रींनी एकशे सात किलोंनिशी शंभरच्या मशीनवर चढायचं?

"बेअरिंग बरोबर वाटत नाही," ते उठत म्हणाले.

पुढच्या दोन रविवारी अजून तीन दुकानं झाली. प्रत्येक ठिकाणी मिस्त्री वाकत, मागचं स्टिकर वाचत आणि काहीतरी खोट काढून उठत. आपल्याला परवडणारी आणि घडी होणारी प्रत्येक ट्रेडमिल शंभरवर येऊन थांबते, एवढं ज्ञान त्यांना झालं. म्हणजे वजन उतरवायला मशीन हवी, आणि मशीनवर चढायला आधी वजन उतरवायला हवं! हा तिढा त्यांना यंत्रात सापडला असता तर त्यांनी तासाभरात सोडवला असता.

उपाय सुचला तो कामावरच. जिन्यात कधीच कुणी नसतं, हे लिफ्टच्या मिस्त्रीइतकं कुणाला ठाऊक असणार? लिफ्ट चालू ठेवणं हेच त्यांचं काम, आणि त्यांच्या कामामुळेच तो जिना ओस पडला होता. वरची मशीनची खोली आठव्या मजल्याच्या डोक्यावर. मिस्त्रींनी रोज तिथे चार वेळा जिन्याने जायचं ठरवलं. हत्यारांची पिशवी लिफ्टमध्ये ठेवायची, आठचं बटण दाबायचं, बाहेर यायचं आणि आपण जिना धरायचा. पिशवी ऐटीत वर पोचे आणि मिस्त्री मागून हाशहुश करत येत. दुपारच्या चहाबरोबरची बिस्किटंही बंद केली. पाचव्या सोमवारी आकडा एकशे तीन झाला. मिस्त्रींनी पॅनेलवरून हळूच हात फिरवला.

दुसऱ्याच दिवशी पाचव्या मजल्यावर घात झाला. तिथे राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका दारात कचऱ्याची बादली ठेवत होत्या. कठड्याला धरून धापा टाकणारे मिस्त्री त्यांना दिसले. तेवढ्यात खालून कुणी बटण दाबलं म्हणून वर पोचलेली लिफ्ट शेजारून खाली गेली. काचेतून आत एकटीच पिशवी दिसली.

"मिस्त्री, लिफ्टमध्ये काही बिघाड आहे का?"

"नाही, चालू आहे."

"मग तुम्ही जिन्याने?"

मिस्त्रींना श्वासही पुरत नव्हता आणि शब्दही. "असंच," ते म्हणाले.

बाईंनी दार लावलं, पण तो शब्द काही त्यांच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळपर्यंत इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये बातमी फिरली, की लिफ्टचे मिस्त्री स्वतः लिफ्टमध्ये बसत नाहीत, नुसती पिशवी पाठवून बघतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तीन उद्गारचिन्हं देऊन सर्वांना सावध राहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळी इमारत जिन्यात आली. सातव्या मजल्यावरचे दंतवैद्य मधेमधे पायरीवर बसून विश्रांती घेऊ लागले. कुणाच्या हातात भाजी, कुणाच्या कडेवर मूल. लिफ्ट बिचारी दार उघडून वाट बघे आणि आपोआप मिटे. ज्या जिन्यात मिस्त्री लपून चालत होते तिथे आता वाट काढायची पाळी आली, आणि जो तो त्यांच्याकडे असं बघे, की यांना सगळं माहीत आहे पण बोलत नाहीत.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "मिस्त्री, काय चालवलंय? ते लोक कंपनी बदलायची भाषा करताहेत! आज सहा वाजता सगळे खाली जमणार आहेत. जा आणि त्यांच्यासमोर लिफ्टमध्ये बसा."

सहा वाजता तळमजल्यावर तीसेक माणसं होती. मिस्त्री लिफ्टमध्ये बसून आठव्या मजल्यावर जाऊन आले. दार उघडलं तर सगळे तिथेच, तसेच.

"आज साहेबांनी सांगितलं म्हणून बसलात," सेक्रेटरी म्हणाले. "उद्या?"

मिस्त्रींच्या लक्षात आलं की इथे खोटं बोलायचं तर उद्यापासून रोज लिफ्टनेच जावं लागेल. मग जिना संपला, आणि जिना संपला की विहीरही संपली. डोळ्यांसमोर फोन दिसायला लागला.

"लिफ्टमध्ये काय दोष आहे ते सांगून टाका, लपवू नका," दंतवैद्य म्हणाले.

"काही नाही. असंच..."

"मिस्त्री," शिक्षिका पुढे झाल्या, "पस्तीस वर्षं शिकवलंय मी. पोरं 'असंच' म्हणाली की मी ओळखायचे, काहीतरी फोडलंय."

मिस्त्रींनी पायाकडे बघितलं. पायाकडेही नीट बघता येत नव्हतं, मधे पोट होतं.

"लिफ्टमध्ये दोष नाही," ते म्हणाले. "माझ्यात आहे."

"काय?"

"तीन किलो."

कुणालाच काही कळलं नाही. मग मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन-चार मिनिटं बोलले. बेल्ट, तपासणी, तक्रारींचा फोन, ट्रेडमिलमागचं स्टिकर, सगळं सांगितलं. बोलताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

"कशावरून?" सेक्रेटरींनी विचारलं. ते हाडाचे सेक्रेटरी होते.

मिस्त्री मुकाट्याने लिफ्टमध्ये शिरले आणि झडप उघडली. सगळ्यांनी माना आत घातल्या. आकडा होता एकशे तीन.

"बघू, बाजूला व्हा," म्हणत सेक्रेटरी आत शिरले आणि मिस्त्रींना त्यांनी बाहेर काढलं. आकडा हलला आणि चौऱ्याण्णववर थांबला. सेक्रेटरी आपल्या वजनाबद्दल ऐंशी असा आकडा सांगत असत, तोही न विचारता.

"पाहिलंत?" ते ओरडले. "लिफ्ट बिघडलेलीच आहे!"

"लिफ्ट अगदी ठीक आहे," शिक्षिका म्हणाल्या. "आत्ताच सिद्ध झालं." आणि हशा पिकला. तो हशा आपल्यावर नाही, हे समजायला मिस्त्रींना थोडा वेळ लागला.

ग्रुपमधून फिरत फिरत बातमी बायकोच्या कानावर जायच्या आत त्यांनी घरी जाऊन स्वतःच सांगितलं.

"एकशे तीन?" बायको म्हणाली. "मी तर एकशे दहा धरून चालले होते."

"तुला माहीत होतं?"

"दर वर्षी तुमच्या पँटची कंबर कोण उसवतं? शेजारीण?"

"मग दुकानात बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी किती दुकानं फिरवतात."

नंतरचे दोन महिने मिस्त्रींना जिन्यात एकांत असा मिळाला नाही. प्रत्येक मजल्यावर एखादं दार उघडे आणि प्रश्न येई, "किती झालं?" दंतवैद्य त्यांना गोड सोडा म्हणून बजावत, शिक्षिका पाठ ताठ करायला लावत. घरी बायकोने भाताचा चमचाच बदलला. मिस्त्री लाजून लाल होत, पण आकडा सांगत. एकशे एक. मग तीन आठवडे एकशे एकच. त्या काळात सगळी इमारत चिडचिडी झाली होती.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांच्या काट्यावर मिस्त्री श्वास रोखून उभे राहिले.

"श्वास सोडा हो, त्याने वजन कमी होत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लिहिलं, नव्याण्णव पूर्णांक चार. विहिरीत उतरण्यास योग्य. मिस्त्रींनी तो कागद दोनदा वाचला, आणि जीव भांड्यात पडला तो तिसऱ्यांदा वाचल्यावर.

त्या रविवारी बायकोने त्यांना पहिल्या दुकानात नेलं. मुलीने ओळखलं. रुंद पट्ट्याची ट्रेडमिल तिथेच होती. मिस्त्री सवयीने मागे जाऊन वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले आणि उठून म्हणाले, "शंभर किलोची मशीन आणि मी नव्याण्णव. अगदी काठावर. मी कुठलीच लिफ्ट अशी रोज काठावर चालवू देणार नाही. वर बूट धरलेस का? पंच्याण्णव होऊ दे, मग बघू."

विकणाऱ्या मुलीने कपाळाला हात लावला.

बायको शांतपणे पायातल्या चपला काढून ट्रेडमिलवर चढली, बटण दाबून दहा पावलं चालली आणि थांबली.

"माझं वजन एकसष्ट," ती मुलीला म्हणाली. "पट्टा छान आहे, गुडघ्याला त्रास नाही. बिल माझ्या नावावर कर."

"अगं, पण मशीन माझ्यासाठी..." मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही या पंच्याण्णववर, तेव्हा बघू. तोवर रोज उघडून द्यायची तुम्ही, तेल घालायचं तुम्ही आणि घडी घालून कपाटाशेजारी उभी करायची तीही तुम्हीच. त्याला काही वजनाची अट नाही."