चँडलरची न उठलेली पंगत

मार्च २००५ मधल्या एका रविवारी दुपारी ॲरिझोनातल्या चँडलर गावात आमच्या शेजाऱ्यांच्या परसात चौदा माणसं जेवायला बसली आणि उठेनात. माझे वडील त्यांत होते. संध्याकाळी त्यांचं मुंबईचं विमान होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांची अमेरिकेत राहण्याची मुदत संपत होती.

शेजारीण फिलिपिनो. साठीची नर्स. तिचं नाव बेबी. सगळे तिला ‘टीटा बेबी’ म्हणत. टीटा म्हणजे मावशी. या वयाच्या बाईचं नाव बेबी कसं, याचं मला पहिले काही महिने नवल वाटलं. बाबांना अजिबात वाटलं नाही. अमरावतीत आमच्या एकाच गल्लीत तीन बेबीताई होत्या. त्यांनी हिला चौथी केली आणि विषय संपवला.

बाबा निघणार म्हणून बेबीताईने निरोपाचं जेवण ठेवलं. तिच्याकडे अशा जेवणाला ‘कामायान’ म्हणतात. लांबच लांब टेबलावर केळीची पानं अंथरायची, मधोमध भाताचा बांध घालायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना कालवणं, तळण, मासे मांडायचे आणि सगळ्यांनी हाताने जेवायचं. बाबांच्या टोकाला फक्त भाज्या होत्या. (त्यांत माशाचा सॉस घातलेला नाही, असं तिने मला दोनदा सांगितलं. असा सॉस असतो, हे मी बाबांना एकदाही सांगितलं नाही.)

केळीची पानं पाहून बाबांचा चेहरा उजळला. “सहा महिन्यांत पहिल्यांदा या देशात कोणी माणसासारखं वाढतंय,” ते म्हणाले. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं. शेजारी बेबीताईचे वडील बसले होते. त्यांना सगळे ‘लोलो’ म्हणजे आजोबा म्हणत. त्यांची येशूची प्रार्थना नुकतीच झाली होती. बाबांचं पाहून त्यांनी पुन्हा एकदा छातीवर क्रूसाची खूण केली आणि स्वतःच्या भाताभोवतीही पाणी शिंपडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. इथवर सगळं सुरळीत होतं.

तासाभराने माझ्या लक्षात आलं की पोटं भरली आहेत, पण कोणी उठत नाही.

कारण असं होतं. बाबांनी आयुष्यभर हनुमान जयंतीच्या पंगती सांभाळल्या. पंगतीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कोणी उठायचं नाही, हा त्यांचा नियम. मंत्री आला तरी लागू. बेबीताईच्या घरचा नियम असा की पाहुणा जेवत असताना त्याला एकटं सोडून कोणी उठायचं नाही. पाहुणे बाबा होते. ते बाकीच्यांसाठी थांबले होते आणि बाकीचे त्यांच्यासाठी.

नुसतं बसणं वाईट दिसतं म्हणून बाबा एकेक शीत उचलून तोंडात टाकत होते. ते पाहून बेबीताई “काइन, काइन” म्हणजे जेवा, जेवा म्हणत त्यांच्यापुढे भात लोटत होती. पानावर टाकायचं नाही, हा बाबांचा दुसरा नियम.

मी त्यांच्याकडे वाकून म्हणालो, “बाबा, एअरपोर्टला निघायला हवं.”

“लोक पानावर आहेत.”

“ते तुमच्यासाठी बसलेत.”

“मग? मीही त्यांच्यासाठीच बसलोय.”

कोंडी फुटावी म्हणून मी उठलो. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी अमेरिकन पासपोर्ट घेतला असता तरी तसं पाहिलं नसतं. माझ्या रिकाम्या जागेवर बेबीताईने ताबडतोब आपल्या भाच्याला बसवलं. तो नुकताच ड्युटीवरून आला होता आणि खरोखर उपाशी होता. त्याच्यापुढे नवा भात पडला. पंगत आता पहिल्यापासून सुरू झाली.

मी बेबीताईला बाजूला घेतलं आणि बाबांचं पोट केव्हाच भरलंय, असं समजावलं. तिला ते पटलं नाही. तिच्या मते माणूस इतका वेळ जेवतो तो भुकेलाच असतो. मग तिने माझ्या बायकोकडे, मुग्धाकडे पाहिलं आणि बाबांना घरी नीट खायला देता ना, असं हळू आवाजात विचारलं.

मुग्धाने सूत्रं हातात घेतली. तिने दोन्ही बाजूंना, दोन भाषांत, सांगितलं की तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम उठायचं, म्हणजे कोणाच्या आधी कोणी उठलं असं होणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मुग्धा तीन म्हणाली. सगळे उठले.

लोलो उठले नाहीत. त्यांचं कानाचं मशीन घरात राहिलं होतं. ते कोळंबी सोलत होते.

बाबा परत बसले. पाहुणा बसला म्हणून बाकीचे बसले.

“यार, हे काय चाललंय?” मुग्धा मला म्हणाली. बॅगा सकाळपासून गाडीत होत्या. मी बाबांना स्पष्ट सांगितलं की आता निघाला नाहीत तर पुढच्या वेळी व्हिसा मिळणार नाही.

बाबांनी विचार केला. मग निर्णय दिला. “म्हाताऱ्या माणसाला पानावर एकटं टाकून जायचं नाही. पण घरातला एक जण बसला तर चालेल. तू बस.”

असा नियम मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. मी बसलो. बाबा उठले, हात धुतले, ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणाले आणि लोलोंना वाकून नमस्कार केला. बेबीताईने विमानात खायला फॉइलची चार पुडकी दिली. मुग्धाने गाडी काढली. बाकीचे एकेक करून घरात गेले. माझ्याकडे पाहून लोलोंनी आणखी एक कोळंबी घेतली. बेबीताईने माझ्यापुढे भात लोटला.

बाबा विमानात बसले आणि विमान वेळेवर सुटलं, हे मुग्धाने एअरपोर्टवरून फोन करून कळवलं. फोन मी डाव्या हाताने घेतला.