सन्माननीय सदस्य जागेवर नाहीत

माझा धाकटा भाऊ आमदार आहे. तिसरी खेप. लोक मला वाटेत थांबवून म्हणतात, "सिस्टर, तुम्ही भाग्यवान." मी मान हलवते आणि पुढे जाते, कारण मला ड्युटी असते.

आमदार होण्याआधी तो काय करायचा, असं कुणी विचारलं तर त्याचा पी.ए. "समाजकार्य" असं सांगतो. डोंबलाचं समाजकार्य! कॉलेज दोनदा सोडलं. मोबाईलचं दुकान काढलं, ते अकरा महिन्यांत बंद पडलं. मग विम्याची एजन्सी. तिथे पहिली पॉलिसी माझी आणि शेवटचीही माझीच. पुढे एका कंत्राटदाराच्या मुलीशी लग्न झालं आणि पठ्ठ्या सासऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला लागला. जुने आमदार वारले तेव्हा पक्षातले दोन गट एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि दोघांनाही चालेल असा माणूस हवा होता. माझ्या भावावर कुणाचाच राग नव्हता. राग यायला माणसाने आधी काहीतरी करावं लागतं. असा तो निवडून आला.

पहिल्या अधिवेशनाआधी तो माझ्या क्वार्टरवर आला. खुर्चीत बसून माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर फायली टाकल्या. "ताई, तारांकित प्रश्न द्यायचे असतात. तुझं लिहिणं चांगलं. दे ना चार-पाच लिहून."

पद्धत त्याच्या पी.ए.ने समजावली. आमदाराने प्रश्न लेखी द्यायचा, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो, आणि ठरलेल्या दिवशी नंबर पुकारला की आमदाराने जागेवर उभं राहायचं. उभा राहिला की मंत्र्याला सगळ्यांसमोर तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उलटे प्रश्न झेलावे लागतात. जागेवर नसला तर लेखी उत्तराचा कागद फायलीला लागतो आणि पुढचा नंबर. या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही.

मी लिहायला लागले. वॉर्डात माणसं सगळं बोलतात. बाळंतिणीची सासू सांगायची की मुलींच्या शाळेत संडासांना दारं नाहीत. एकीचा नवरा पुलाच्या कामावर होता, त्याच्याकडून कळलं की सिमेंट किती आणि वाळू किती. मी तारखा विचारायची, आकडे विचारायची, खातरजमा करायची. ड्युटी संपवून स्टाफरूममध्ये बसून मी एकेक प्रश्न असा लिहायची की मंत्र्याला पळायला वाट राहू नये. भाऊ फोन करायचा, "ताई, तुझा प्रश्न वाचून मंत्र्याला घाम फुटला." मी दिवसभर त्या आनंदात इंजेक्शनं द्यायची. मूर्ख बाई, दुसरं काय.

भाऊ मात्र झपाट्याने वर चढला. या समितीवर, त्या मंडळावर. मेव्हण्याला पुलाचं काम, भावजयीच्या नावावर नर्सिंग कॉलेज. मला वाटायचं, पोरगं अखेर मार्गी लागलं.

मग आमच्या हॉस्पिटलच्या थिएटरचा जनरेटर जळाला. तीन वर्षं नवा मागत होतो, दर वेळी अर्ज "योग्य कार्यवाहीसाठी" कुठेतरी जायचा. आमच्या ऑपरेशन थिएटरला खिडकी नाही. एका दुपारी सिझेरियन चालू असताना वीज गेली. पोट उघडलेलं, आणि आम्ही चौघींनी मोबाईलचे दिवे धरलेले. माझा दिवा तिरका झाला, तो डॉक्टरीणबाईंनी कोपराने सरळ केला. बाळ वाचलं. त्याआधीच्या महिन्यातलं वाचलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी जनरेटरचा प्रश्न लिहिला. इतका नेटका प्रश्न मी आयुष्यात लिहिला नसेल. वीज गेल्याच्या तारखा, वेळा, टेबलावर कोण होतं, अर्जांचे जावक क्रमांक. चिठ्ठीत चौथा नंबर निघाला. चौथा म्हणजे नक्की येणार. मी रजा टाकली आणि सभागृहाच्या गॅलरीत जाऊन बसले.

पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला, तिसऱ्यावर थोडी हमरीतुमरी झाली. मग अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न क्रमांक चार. सन्माननीय सदस्य जागेवर नाहीत. प्रश्न क्रमांक पाच." झालं. नाक शिंकरायला याहून जास्त वेळ लागतो.

खाली कँटीनमध्ये आमचे बंधुराज चहा पीत होते. म्हणाला, "अगं, बाथरूमला गेलो होतो." आणि मी ते मानलं. माणूस बाथरूमला जातो. गॅलरीच्या दारावरचा म्हातारा शिपाई मात्र माझी पर्स परत देताना हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही बहीण ना त्यांची? त्यांना नेहमी त्यांच्याच नंबरला लागते."

मी बस चुकवली आणि सभागृहाच्या ग्रंथालयात गेले. कामकाजाचे खंड काढून बसले. आजचा धरून नऊ वर्षांत माझ्या भावाच्या नावावर पुकारलेले प्रश्न चौसष्ट. जागेवर हजर, पाच. ते पाच मी लिहिलेले नव्हते. बागेला नाव देण्याबद्दल, असले. उरलेले एकोणसाठ माझे. ओळ न् ओळ माझी, आणि खाली प्रत्येक वेळी तेच वाक्य. पुलाच्या प्रश्नाला गैरहजर, दीड महिन्याने मेव्हण्याला पूल. शाळेच्या दारांना गैरहजर, पुढच्याच महिन्यात शिक्षण समिती. जितका प्रश्न धारदार, तितकं मोठं बक्षीस. संडासांना दारं आजही नाहीत. अंगाचा तिळपापड झाला माझ्या, आणि लाजही वाटली, कारण धार मी लावून दिली होती.

तशीच त्याच्या घरी गेले. दिवाणखान्यात तीन सोफे, भिंतीवर त्याचेच फोटो. भावजय "ताई, सरबत?" म्हणाली. मी तिच्याकडे बघितलंही नाही.

"एकोणसाठ वेळा बाथरूमला गेलास?"

तो मुळीच गडबडला नाही. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "ताई, तुला वाटतं तसं नसतं ते. विचारला की मंत्री उठून चार वाक्यं बोलतो, संपलं. नाही विचारला की तो आपल्या उपकारात राहतो. काम त्यानेच होतं."

"मग माझ्या जनरेटरचं काम कुठे झालं?"

तेव्हा तो खरोखर चकित झाला. "म्हणजे तुला तो हवा होता?"

मी पर्समधली प्रश्नाची प्रत काढून त्याच्यासमोर टाकली.

"अगं, मग सांगायचं ना आधी! मला वाटलं, नेहमीसारखा प्रश्न आहे. मी त्यात आरोग्य समितीचं अध्यक्षपद मागून बसलो. जनरेटर काय, हसत दिला असता त्यांनी." आणि वर हळहळला. मनापासून हळहळला, तेच मला सहन होईना.

एकाच आईच्या पोटची आम्ही दोघं. त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. पण पुढच्या महिन्यात आमच्याकडे सिझेरियनच्या अकरा बायका होत्या, त्यांतल्या दोघींना आधीच रक्त कमी. कानाखाली मारून थिएटरमध्ये उजेड पडला नसता. वर्तमानपत्राकडे जावं, विरोधी पक्षाच्या बाईंना गाठावं, हे सगळं शहाणपण मला आता सुचतं.

माझ्या कपाटात एक फाईल होती. सलाइनच्या बाटल्यांची. सहा महिन्यांपासून येणाऱ्या मालात बारीक धागे तरंगत होते. मी बॅच नंबर टिपले होते, इतर हॉस्पिटलांतल्या मैत्रिणींना विचारलं होतं; आमचं धरून अडतीस सरकारी हॉस्पिटलांत तोच माल. पुरवठादार आरोग्यमंत्र्याचा व्याही. हा प्रश्न मी फार जपून ठेवला होता, पूर्ण पुरावा हातात येईपर्यंत.

चार दिवसांनी तो मी भावापुढे ठेवला. त्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि खुर्चीत सरळ बसला.

"नंबर पुकारतील तेव्हा बाथरूमला जा," मी म्हटलं. "पण या वेळी जनरेटर. दुसरं काही मागितलंस तर हाच कागद दुसऱ्या कुणाकडे जाईल."

"ताई," तो म्हणाला, "तू राजकारणात यायला हवं होतंस." त्याने हे कौतुकाने म्हटलं. आयुष्यात इतकं घाण मला कुणी काही बोललं नव्हतं.

जनरेटर एकोणिसाव्या दिवशी आला. नवा कोरा, हिरवा, ट्रकमधून. फीत कापायला भाऊ आला, भाषणात "माझी थोरली बहीण ही माझी प्रेरणा" असं म्हणाला, आणि सगळ्या नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यानंतर वीज पाच वेळा गेली, आणि पाचही वेळा डॉक्टरीणबाईंनी मानही वर केली नाही. अकराही बायका घरी गेल्या. हे मी रोज स्वतःला सांगते.

बाटल्या अजून त्याच येतात. लावण्याआधी प्रत्येक बाटली मी स्वतः उजेडाकडे धरते, उलटी करते, धागा दिसला की बाजूला काढते. माझ्या वॉर्डात एकही तशी चढू देत नाही. उरलेल्या सदतीस हॉस्पिटलांत कोण बघतं, मला माहीत नाही. तिथल्या मैत्रिणींचे फोन येतात, "त्या प्रश्नाचं काय झालं गं?" आणि मी सांगते, त्या दिवशी नंबर आला, पण भाऊ नेमका जागेवर नव्हता.