पाठीवरचा पट्टा
समुद्रात बुडी मारायला शिकवताना नवख्याच्या पाठीवर हवेची टाकी बांधतो, तेव्हा रबराच्या वासाने माझ्या गावची, वरवट बकालची विहीर आठवते. त्या वर्षी बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली होती. फवारता फवारता चक्कर येऊन शेजारचे काका विहिरीत पडले. गावाच्या बुडालेल्या बादल्या मीच काढायचो, म्हणून मलाच बोलावलं. औषधाचा वास मारणाऱ्या पाण्यात काकांचा हात सापडला, पण ते हलेनात. श्वासासाठी वर आलो, तर काठावरून काकू ओरडल्या, “वढ नं बापू, काऊन थांबला?” मी पुन्हा हातच ओढला. पाठीवरच्या फवारणी पंपाचा पट्टा मोटारीच्या रबरी पाइपाला अडकलाय, हे तिसऱ्या बुडीत कळलं. तो एका झटक्यात सुटला. काका तोवर गेले होते. आता शिकवणीच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला डोळे मिटून फक्त टाकीचा पट्टा सोडायला लावतो. वैतागून कुणी विचारतं, “अजून किती वेळा?” मी म्हणतो, “पुन्हा.”