प्रमिलाबाईंनी दिवाळी लांबवली

धुळ्यात आमच्या गल्लीत प्रमिलाबाईंकडे दुपारी गेलं की दोन गोष्टी हमखास मिळायच्या. एक कैरीचं पन्हं, दुसरं भविष्य. पन्हं त्या स्वतः करायच्या. भविष्य कॉम्प्युटर काढायचा.

कॉम्प्युटर खरं तर झुलालभाऊंचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा. भाऊंनी आयुष्यभर कोर्टासमोर टाइपरायटर बडवला आणि मग घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणून मराठी अर्ज, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं छापायला सुरुवात केली. मशीनवर भरतकामाचं झाकण, शेजारी उदबत्ती. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, बायकोने तर नाहीच. पण जेवण झालं की भाऊंना गाढ झोप लागायची आणि घोरणं सुरू झालं की प्रमिलाबाई झाकण काढायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत एका मासिकासोबत फुकट सीडी आली होती. तिच्यावर कुंडलीचा एक कार्यक्रम होता, महिनाभर वापरून बघण्यापुरता. प्रमिलाबाईंनी भाऊंचं बघून बघून तो मशीनमध्ये घातला. महिन्यात गल्लीतल्या निम्म्या पोरींच्या पत्रिका जुळवल्या. मग एका दुपारी पडद्यावर पाटी आली, मुदत संपली.

दुसरी बाई गप्प बसली असती. प्रमिलाबाईंनी विचार केला, कचेरीतले लोक कागदावर मागची तारीख टाकतात आणि काम होऊन जातं, मग आपण का नाही टाकायची? खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली, कॅलेंडर उघडलं, परत दिवाळी आणली. कार्यक्रम मुकाट चालू झाला.

सुरुवातीला त्या काम झाल्यावर तारीख पुन्हा जागेवर ठेवायच्या. पुढे कंटाळा आला, महिना सरत आला की नुसती परत मागे न्यायच्या. कोपऱ्यात नुसती वेळ दिसायची, तारीख बघायला बाण तिथे न्यावा लागायचा, आणि भाऊ तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायचे. त्यामुळे घरात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली तरी मशीनमध्ये दिवाळीच चालली होती.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि बायका एकत्र बसल्या की लग्नाच्या गोष्टी निघतातच. प्रमिलाबाईंकडे रांग लागली. त्यांचा नियम एकच होता, लग्न मोडायचं नाही. गुण बरे आले की मोठ्याने वाचून दाखवायचे. कमी आले तर म्हणायच्या, "मशीन तापलं शे, उद्या या." उद्यापर्यंत जन्मवेळ चार मिनिटं इकडेतिकडे सरकवून बघितली जायची. गल्लीतल्या सुगंधाबाईंच्या लेकीला, सुमनला शिरपूरचं स्थळ आलं होतं. मुलाकडची मंडळी मंगळावरून अडून बसली होती आणि कॉम्प्युटरची पत्रिका आणा म्हणत होती. ती पत्रिका छापायची राहिली होती.

त्याच दिवसांत झुलालभाऊंच्या डोक्यात वेगळंच भूत शिरलं. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटरांना वेड लागणार, असं जो तो बोलत होता. भाऊंच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर त्याचा इलाज म्हणून कंपनीने दुरुस्तीचा भाग आपल्या साइटवर ठेवला होता. तो दोन तुकड्यांत होता. खरेदीचा नंबर टाकायचा, सुरक्षित कनेक्शन जोडलं जाणार, मग एकेक तुकडा उतरवून घ्यायचा. भाऊंनी इंटरनेट नुकतंच घेतलं होतं. मोडेम किंचाळला, फोन लागला, साधी पानं उघडली. सुरक्षित पानावर गेले की इंग्रजीत पाटी. डिक्शनरी काढून भाऊंनी अर्थ लावला, "प्रमाणपत्र अजून ग्राह्य नाही."

"अजून नाही म्हणजे कधी?" भाऊंनी मशीनलाच विचारलं.

प्रमिलाबाई आतून तांदूळ निवडत ऐकत होत्या. तारखेचा या पाटीशी काही संबंध असेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

भाऊंनी फोनची वायर बदलली. मोडेम उलटा करून झटकला. कूलरचा आवाज लाइनमध्ये जातो म्हणून कूलर बंद केला आणि सगळ्या घराला घामाने भिजवलं. शेवटी पुण्याला कंपनीत एसटीडी लावली. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, इतर सगळ्यांना मिळतंय. एकदा मशीन बंद करून चालू करा."

"मशीनला नका सांगू, तुमचं प्रमाणपत्रच अजून जन्माला यायचं शे!" भाऊ ओरडले आणि फोन आपटला.

मग जळगावहून अन्वर आला. कॉम्प्युटर दुरुस्त करत तो दोन्ही जिल्हे फिरायचा. त्याने पाटी वाचली, बाण कोपऱ्यात नेला आणि हसू दाबत म्हणाला, "भाऊ, तुमचं मशीन अजून मागच्या दिवाळीचे लाडू खातंय."

"म्हणजे?"

"साइट स्वतःची ओळख पटवायला एक दाखला दाखवते. दाखल्यावर कधीपासून लागू ते लिहिलेलं असतं. हा दाखला यंदाच्या जानेवारीतला. तुमच्या मशीनला वाटतंय की जानेवारी यायचाच आहे. त्यामुळे ते म्हणतं, दाखला अजून लागूच नाही. आतली बॅटरी गेली असणार."

आतल्या खोलीत तांदळाचं ताट थांबलं.

अन्वरने बॅटरी बदलली, तारीख लावली आणि पहिला तुकडा उतरवून दिला. त्याला वेळ लागला, म्हणून दुसरा तुकडा भाऊंनी उद्यावर ठेवला. अन्वरला धुळ्यात आणखी कामं होती, तो बहिणीकडे मुक्कामाला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुगंधाबाई आल्या. शिरपूरची मंडळी संध्याकाळी येणार होती. प्रमिलाबाईंनी कार्यक्रम उघडला. मुदत संपली! आता कारण त्यांना पुरतं ठाऊक होतं. घोरणं ऐकू येत होतं. सुमनचं तोंड आठवलं आणि बाईंनी दिवाळी परत आणली. पत्रिका निघाली, मंगळ निरुपद्रवी जागी बसला, आणि सुगंधाबाई कागद पदराखाली घेऊन पळाल्या. तारीख पुढे करायच्या आतच घोरणं थांबलं. प्रमिलाबाईंनी झाकण टाकलं आणि पन्हं ढवळायला लागल्या.

भाऊ तोंड धुऊन बसले. मोडेम किंचाळला. तीच पाटी.

"नवी बॅटरी! काल टाकेल बॅटरी!" भाऊंनी बहिणीकडून अन्वरला उठवून आणलं. अन्वरने तारीख बघितली, मग आपलं मनगट बघितलं.

"भाऊ, बॅटरी मेली तर वेळही बिघडते. इथे मिनिटं बरोबर आहेत, फक्त महिने मागे. हे मशीनचं काम नाही, माणसाचं आहे."

भाऊंनी मान वळवली. "तारीख कोनी बदली?"

"मीच बदली," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पन्हं घ्या दोघं."

भाऊंनी पन्ह्याचा पेला उचलला. कंपनीला केलेली आरडाओरड आठवली, कूलरशिवाय काढलेल्या दुपारी आठवल्या. मग बायकोकडून सुमनचं ऐकलं. तिला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. "जमनं का मग?" एवढंच त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी कळेल."

"पण पुण्याच्या पोराची माफी तूच माग."

प्रमिलाबाईंनी एसटीडी लावली आणि सगळं खरं सांगून टाकलं. "दादा, कोणाला हीच पाटी आली तर आधी तारीख बघायला सांगत जा. आणि घरात कुंडली कोण काढतं तेही विचारा." पलीकडे मोठं हसू फुटलं. मग तो मुलगा आवाज खाली करून म्हणाला, "काकू, माझी जन्मवेळ सांगू का?" भाऊ हाताने फोन ठेव, फोन ठेव करत होते. बाई मान हलवत वेळ ऐकून घेत होत्या.

शिरपूरची सोयरीक त्याच संध्याकाळी पक्की झाली. मंगळामुळे नव्हे, मुलाला सुमन आवडली होती. कागद कोणी उघडूनही बघितला नाही.

पुढे भाऊंनी कुंडलीचा रीतसर कार्यक्रम विकत आणून दिला आणि दुपारचं मशीन बायकोचं केलं. प्रमिलाबाईंनी पहिली पत्रिका आपली दोघांची जुळवली, खऱ्या जन्मवेळा टाकून. छत्तीसपैकी अकरा गुण आले. भाऊंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "कोणाले दाखवू नको. इतक्या वर्षांचा जमेल संसार मोडी जाई."