साडेबाराची लाईट

माझ्या सासुरवाडीत पोळ्याला पत्ते खेळतात. गाव चामोर्शीपासून जवळ, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या पडवीत सकाळपासून तीन पत्ती चालते, तीही चिंचोक्यांवर. पैसा लावलेला सासऱ्यांना चालत नाही. बाकी सगळं चालतं, पण एक नियम कडक आहे. जिंकणाऱ्यानं उठायचं नाही. हरलेला केव्हाही उठावा, कोणी हटकत नाही. जिंकणारा मात्र बाकीचे उठेपर्यंत किंवा त्याचे स्वतःचे चिंचोके संपेपर्यंत बसून राहतो.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. मी चंद्रपूरचा. दोन ओंजळी चिंचोके जिंकले आणि जेवायची हाक आली म्हणून उठलो.

"जावईबापू जितून पळून राह्यले," सासरे म्हणाले.

ते हसतच म्हणाले, पण पुढे वर्षभर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली. तेव्हापासून जिंकत असताना उठायचं म्हटलं की माझे कान गरम होतात. वय वाढलं तरी हे गेलं नाही.

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मी चामोर्शीत एका विनाअनुदानित ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत होतो. विनाअनुदानित म्हणजे काय ते आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. वर्ग भरतात, हजेरी होते, पेपर तपासले जातात, आणि पगार पुढच्या अधिवेशनात मिळणार असतो. रविवारी मी बाजारचौकातल्या नेट कॅफेत जाई. कॅफे एका घड्याळजीचा. पुढच्या भागात काचेच्या पेटीत घड्याळं, मागे पडदा, पडद्यामागे चार कॉम्प्युटर. तिथे मी पोकर खेळत असे. पुण्यात नोकरीला असलेल्या चुलतभावाच्या कार्डावरून थोडे पैसे भरले होते, आणि ते कुठल्या कायद्यात बसतं हे विचारायच्या भानगडीत आम्ही दोघंही पडलो नव्हतो.

या खेळात हाती दोन बंद पत्ते येतात. मध्ये पाच उघडे पत्ते पडतात, आधी तीन, मग एक, मग एक, आणि दरवेळी पैसे लावायची संधी. मी ज्या टेबलावर बसे तिथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे प्रत्येक डावाला सगळ्यांनीच थोडं थोडं आधी टाकायचं. त्याला तिथे अँटी म्हणत. आमच्या पडवीत त्यालाच बूट म्हणतात. दुसरं म्हणजे रास मोठी. साध्या टेबलावर माणूस पहिल्या सक्तीच्या बोलीच्या शंभरपट घेऊन बसतो, इथे अडीचशेपट.

या दोन गोष्टींनी खेळ पार बदलतो, आणि मला त्याचीच गोडी लागली होती. बूट पडला की पत्ते बघायच्या आधीच मध्ये काहीतरी पडलेलं असतं. चांगल्या पत्त्यांची वाट बघत हात बांधून बसणारा तिथे बसल्या जागी झिजतो. म्हणून शेवटी बोलायची पाळी असेल तेव्हा साध्या पत्त्यांवरही तो बूट उचलायला हात घालावा. आधी बोलायची पाळी असेल तर गप्प राहावं. मोठ्या राशीचं उलटं असतं. तिथे बारक्या जोडीला किंमत येते, कारण मध्ये तिसरा जुळला तर समोरच्याची सगळी रास हाती येऊ शकते. तसंच एका रंगाचे लागोपाठचे पत्ते. आणि दिसायला देखणी एकच जोडी, मग ती एक्क्यांची का असेना, ती थोडंसं जिंकून देते आणि सगळंच्या सगळं हरवते. कॉलेजच्या रफ वहीत मागच्या पानावर मी लिहून ठेवलं होतं: एका जोडीवर घर लावायचं नाही.

हे सगळं मला येत होतं. उठणं येत नव्हतं.

टेबलावरचे लोक कुठल्या देशातले ते मला माहीत नव्हतं. त्यांना मी दिसत नव्हतो. तरीही राशीत भर पडली की मी खुर्चीला चिकटून बसे. यावर उपाय सापडला तो लोडशेडिंगचा. रविवारी चामोर्शीची लाईट साडेबाराला जाई आणि चारला येई. कॉम्प्युटरला जोडलेला यूपीएस पाच मिनिटं पी-पी करत तग धरी. तेवढ्यात मी 'लाईट गेली, माफ करा' असं इंग्रजीत टाइप करी आणि मानानं उठे. लाईट गेल्यावर कोण काय म्हणणार? सहा महिने असा मी दर रविवारी जिंकलेला असताना उठलो, आणि त्याचं श्रेय माझ्या वहीइतकंच वीज मंडळाला होतं. बाकी गाव लोडशेडिंगला शिव्या घालत असताना मी एकटा मनात हात जोडत होतो.

त्याच उन्हाळ्यात बायकोनं बी.एड.ची प्रवेश परीक्षा दिली. बी.ए. होऊन तिला सात वर्षं झाली होती. मुलगी झोपली की पुस्तक काढायची, ती जागी झाली की मिटायची. पावसाळ्यात यादी लागली आणि तिचा नंबर गडचिरोलीच्या कॉलेजात लागला. यादी बघून आल्या आल्या तिनं आरशासमोर उभं राहून साडीचा पदर पिनेनं नीट लावून पाहिला, शाळेतल्या बाई लावतात तसा. मी ते पाहिलं हे तिला कळलं नाही.

फी भरायला पंधरा दिवस होते. माझी टेबलावरची रास आता जवळजवळ त्या फीएवढी झाली होती. तिथून पैसे चुलतभावाकडे आणि त्याच्याकडून माझ्या खात्यात यायला दहा-बारा दिवस लागत, म्हणजे हा रविवार शेवटचा. तिला मी खरं काय ते सांगितलं होतं.

"पुरतेत का?" तिनं विचारलं.

"आज थोडे कमी आहेत. दुपारपर्यंत पुरतील."

"पुरले का उठून या मंग," ती म्हणाली.

अकरालाच पुरले. समोर एक खेळाडू होता, नावापुढे जहाजाचं चित्र. त्याची रास माझ्याइतकीच मोठी. दोन डाव मी त्याच्याकडून लागोपाठ घेतले आणि फी होऊन वर थोडं उरलं. बाण टेबल सोडायच्या बटणावर नेला. तेवढ्यात जहाजवाल्यानं बोलायच्या चौकटीत लिहिलं, 'एवढ्यात जातोयस?' बहुधा त्यानं ते सहज लिहिलं असेल, ते दोन डाव घेतल्यावर पुढचे काही मी नुसतेच सोडले होते म्हणून. पण माझे कान गरम झाले. मी लिहिलं, 'नाही, आहे.' दीड तासाचाच प्रश्न होता. साडेबाराला लाईट जाणारच होती.

तेवढा वेळ मी नेटानं पत्ते टाकत, म्हणजे डाव सोडत राहिलो. बुटात थोडं थोडं जात होतं, ते जाऊ दिलं. साडेबारा झाले. पंखा फिरतच होता. पाऊण झाला. मी पडद्याबाहेर डोकावलो.

"लाईट नाही गेली?"

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. "आज नाई जात सर," तो खुशीत म्हणाला. "मंत्री येऊन राह्यले न. शामपर्यंत फुल लाईट आहे. खेळा आरामशीर."

परत येऊन बसलो तर हाती एक्क्यांची जोडी. मी लावले, जहाजवाला आला. मध्ये नव्वा, छक्का, तिर्री पडली. लावले, तो आला. राणी पडली. लावले, तो आला. शेवटी दुर्री पडली. मी लावले, आणि त्यानं सगळी रास पुढे लोटली. पत्ते टाकले असते तर फीपैकी निम्मी तरी हातात राहिली असती. वहीतलं वाक्य मला तोंडपाठ होतं. पण दोनदा हरलेला माणूस चिडून लोटतो असं मी ठरवलं, आणि खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष पंख्याकडे होतं. तो बंद पडला तर बरं, असं वाटत होतं. मी होकाराचं बटण दाबलं. त्याच्याकडे छक्क्यांची जोडी होती, मधला धरून तीन छक्के.

जहाज दुसऱ्याच क्षणी टेबलावरून गायब झालं. त्यानं एक शब्द लिहिला नाही. जिंकला आणि उठला. त्याची जागा रिकामी दिसत राहिली आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. त्याचा राग आला नाही. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

घरी आलो तर बायको खुशीत होती. "आज लाईट गेलीच नाई," ती म्हणाली, "गहू दळून आणले, पाणी भरून झालं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, जहाजवाल्याच्या त्या एका ओळीसकट.

"त्याले माहीत होतं का, आपली फी होती ते?"

"नाही."

"मंग कोणासाठी बसून राह्यले तुमी?"

ती पिठाचा डबा उचलून आत गेली. फीची मुदत गेली, जागा यादीतल्या पुढच्या नावाला मिळाली. मुदतीआधी मी कर्ज काढू म्हणालो होतो, ती नको म्हणाली. पुढच्या वर्षी तिनं परीक्षेचा फॉर्मच भरला नाही.

फी गेली त्याच साली पोळ्याला आम्ही सासुरवाडीला गेलो. दुसऱ्या दिवशी पडवीत डाव बसला. मला पत्ते चांगले येत होते. जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्यापुढे सगळ्यांत मोठा ढीग झाला. मी मनाशी ठरवलं आणि उठून उभा राहिलो. सासऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बायको स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात वाढायचं भांडं. तिनं चिंचोक्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता काऊन उठता?" ती म्हणाली. "बसा."

मी बसलो. पत्ते वाटायची पाळी माझीच होती.